कळव्याच्या होडीची वेळ

एकाच समारंभाची चिटणिशी सलग सात वर्षे ज्याच्या माथी येते, त्याच्याजवळ किस्से आपोआप साठतात. जाजम कितीही झटकले तरी विणीत धूळ उरतेच, तसे. आमचे जाजम बक्षीससमारंभाचे होते. ठाणे आणि कल्याण या दोन तालुक्यांतल्या मराठी शाळांत जी मुले परीक्षेत पहिली येत, त्यांना वर्षातून एकदा ठाण्यास तळ्याकाठी मांडव घालून पुस्तके वाटीत. कमिटीचा चिटणीस मी.

मी स्वतः कोणत्याही शाळेत गेलेलो नाही. मोडी वखारीतल्या एका कारकुनाकडून, बाळबोध पोथ्यांवरून आणि इंग्रजी एका फाटक्या डिक्शनरीवरून शिकलो. हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही, कारण कमिटीतल्या शाळेत गेलेल्या गृहस्थांचे अर्ज मीच दुरुस्त करीत असे.

रिपोर्ट लिहिणे हेही माझेच काम. मात्र त्यातले शेवटचे वाक्य अध्यक्ष भाऊसाहेब स्वतः सांगत. भाऊसाहेब कचेरीतून निवृत्त झालेले शिरस्तेदार. त्यांच्या वाक्यात काना-मात्रा बदलण्याची सोय नव्हती. "सर्व बक्षिसे यथासांग देण्यात आली." मांडव कोसळो, पाहुणे घोरोत, वाक्य तेच.

*

पहिली कटकट क्रमाची. ठाणेकर म्हणत, मांडव आमचा, आमची मुले आधी. कल्याणकर म्हणत, गाव आमचे जुने, आमची आधी. दोन वर्षे हा वाद पत्रांनी चालला आणि ती सर्व पत्रे मी नकलून ठेवली. अखेर भाऊसाहेबांनी निवाडा दिला: बक्षिसांत पहिला मान ठाण्याचा, पानसुपारीत पहिला मान कल्याणचा. कळव्याविषयी कोणी वाद घातला नाही. ते खाडीपलीकडचे, म्हणून शेवटी.

त्या वर्षी ठाण्याची बक्षिसे चालू असतानाच कल्याणच्या मास्तरांना मानाचे विडे देण्यात आले. मास्तरमंडळी विडे खाऊन, अत्तर लावून, प्रसन्न मुद्रेने निघून गेली. आपण मुलेही आणली होती, हे त्यांना स्टेशनावर आठवले.

*

पुढच्या वर्षीचे पाहुणे बडे होते. नुसते पुस्तक देऊन त्यांचे समाधान होईना, प्रत्येक मुलाची परीक्षा घेऊ लागले. कल्याणच्या एका मुलाला म्हणाले, औटकी म्हण. साडेतीनचा पाढा, आजकाल तो मास्तरांनाही येत नाही. मुलगा धीट होता. आठवले ते खरे आणि न आठवले ते ठोकून, एका तालात म्हणत गेला. पाहुणे डोळे मिटून मान डोलावीत होते.

"अठरा औट एकसष्ट," मुलगा म्हणाला.

"त्रेसष्ट," मी उभा राहून म्हणालो. त्याच क्षणी मांडवाच्या अगदी मागून दुसराही एक आवाज आला, "त्रेसष्ट." पाहिले तर कळव्याच्या रांगेतला एक काळासावळा मुलगा. नाव हाशा. मिठागरावर काम करणाऱ्या नामाचा पोर, कळव्याच्या शाळेत पहिला. शेजारी त्याचे मास्तर धोंडोपंत त्याला सदरा ओढून खाली बसवीत होते.

पाहुण्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिले. "चिटणीस, बक्षीस त्याला द्यायचे आहे, तुम्हांला नव्हे."

मांडव हसला. पुस्तक एकसष्टवाल्याला मिळाले.

*

त्याच दिवशी दुपार कलली तसा नामा मागच्या बाजूने वाकून माझ्याजवळ आला. कळव्याची मंडळी होडीने येत आणि होडी भरतीवर चाले. ओहोटी लागली की ती चिखलात बसे आणि माणसे सकाळपर्यंत अलीकडेच अडकत. आमच्या पोराचा नाव आता घेता का, एवढेच त्याचे म्हणणे होते. मी ते भाऊसाहेबांच्या कानी घातले. विद्येचे धन चोराला नेता येत नाही, या विषयावर त्यांचे भाषण ऐन भरात होते. ते क्षणभर थांबून म्हणाले, "भरती दिवसातून दोनदा येते. पाहुणे वर्षातून एकदा येतात. त्याला म्हणावे, थांब."

मी निरोप सांगितला. नामा शांतपणे म्हणाला, "सायब, पानी कमिटीचा आयकत नाय," आणि पोराचा हात धरून, धोंडोपंतांना घेऊन, बंदराकडे गेला.

कळव्याचे नाव पुकारले तेव्हा पुढे येण्यास कोणी नव्हते. ते पुस्तक पाहुण्यांच्या भाच्याला देण्यात आले. मुलगा हुशार दिसतो, असे सर्वांचे मत पडले.

रिपोर्टात मी शेवटचे वाक्य लिहिले. सांगितले तसेच, काना-मात्रा न बदलता.

*

त्याच्या पुढच्या वर्षी हाशा पुन्हा पहिला आला. मी पंचांगात तिथी पाहून भरतीची वेळ काढली आणि समारंभाचा मुहूर्त तिला धरून लिहिला. पाहुणे वामकुक्षी आटोपून दोन तास उशिरा आले. मी पंचांग पुढे केले तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "पंचांग लग्नाला पाहतात, चिटणीस." कळव्याची मंडळी रिकाम्या हाताने गेली. पुस्तक मागाहून पाठवू, असे ठरले आणि ते सुरक्षिततेसाठी भाऊसाहेबांच्या कपाटात ठेवण्यात आले. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून सुरक्षित आहे.

मात्र ते वर्ष गाजले ते डोंबिवलीच्या पागोट्यामुळे. पाहुण्यांसमोर बोडक्याने जाऊ नये म्हणून डोंबिवलीच्या मास्तरांनी कोणाचेसे लाल जरीकाठी पागोटे आणले होते. एक पागोटे आणि मुले सात. पहिला मुलगा नमस्कार करून पडद्यामागे जाई, पागोटे उतरे, दुसऱ्याच्या डोक्यावर चढे. डोकी लहानमोठी. पाचव्याच्या नाकापर्यंत आले आणि तो पाहुण्यांऐवजी मांडवाच्या खांबाला नमस्कार करून परतला.

पाहुणे कौतुकाने म्हणाले, डोंबिवलीचे लोक मोठे सधन दिसतात.

मला लाज वाटली. भाऊसाहेबांना मात्र ती युक्ती फार आवडली. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

*

तिसऱ्या वर्षी हाशा पुन्हा पहिला. परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात धोंडोपंत माझ्या घरी आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "नामा म्हणतो, या हंगामापासून पोरगा मिठागरावर जाणार. आता शाळा पुरे. यंदा मिळाले तर मिळाले."

मी कमिटीला लेखी कळवले: कळव्याचे नाव पहिले, नाहीतर चिटणीस दुसरा पाहावा. मोडी, बाळबोध आणि इंग्रजी तिन्ही लिहिणारा दुसरा मिळेना, म्हणून कळवे पहिले झाले. त्या एका गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

समारंभाच्या सकाळी कळले की पुस्तकांचे पार्सल मुंबईहून आलेच नाही. मी हातपाय गाळले. भाऊसाहेब मात्र हसतमुख. त्यांनी घरून स्वतःचे एक सोनेरी कडांचे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आणले आणि योजना सांगितली: पाहुण्यांनी ते मुलाला द्यावे, मुलाने पडद्यामागे नेऊन सखाराम शिपायाच्या हाती द्यावे, सखारामाने ते पुन्हा पुढे आणावे. पार्सल आले की ज्याचे त्याला पाठवू. "डोंबिवलीला जमले, आपल्याला का जमू नये?"

खाडीला भरती होती. आश्चर्य म्हणजे पाहुणेही वेळेवर आले. भाऊसाहेबांनी विद्याधनाचे भाषण थोडक्यात उरकले आणि मी पहिले नाव वाचले. हाशा पुढे आला. त्याने पुस्तक दोन्ही हातांत घेतले, नमस्कार केला आणि पडद्यामागे गेला. तेथे नामा उभा होता. सखारामाने हात पुढे केला आणि पुस्तक परत मागितले.

पोराने बापाकडे पाहिले. मीही यादी घेऊन मागे पोहोचलो होतो. सखाराम म्हणाला, नंतर पाठवू रे बाबा, सर्वांचेच परत घेतो आहोत.

नामा म्हणाला, "मंग आमचा पोर पयला आयला, तां पन परत घ्या."

सखाराम माझ्याकडे पाहू लागला. पडद्यामागे हुकूम माझा चाले. मी नामाला विचारले, पाणी आहे का?

"आता हाय."

"मग निघा."

मी पुढे येऊन दुसरे नाव वाचले. ठाण्याचा मुलगा येऊन उभा राहिला. भाऊसाहेबांनी पाहुण्यांकडे पाहून स्मित करीत, मागे न वळता माझ्यापुढे हात पसरला. "चिटणीस, पुस्तक."

"दिले, भाऊसाहेब."

"ते परत घ्यायचे होते."

"दिले."

उरलेल्या मुलांची त्या दिवशी नमस्कारावर आणि पेढ्यांवर बोळवण झाली. सायंकाळी भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे रिपोर्टाचे शेवटचे वाक्य तोंडी सांगितले. मी टाक बुडवला आणि स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिले:

"यंदा एक बक्षीस देण्यात आले."