काकांच्या बेसमेंटमधला रस्ता

"हा महारवाडा आधी उठवायला लागेल. टूरिस्ट उतरल्या उतरल्या ही घाण दिसली तर कोण थांबेल?"

काका बोलले आणि मी काढलेल्या नकाशावर लाल पेनाने काट मारली. काट आमच्या बौद्धवाडीवर. त्यातलं एक घर माझ्या आईचं.

अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एडिसनमधलं त्यांचं बेसमेंट. रविवारची दुपार. सोफ्यावर चार-पाच मराठी डॉक्टर, इंजिनियर. सगळे कोकणात रिसॉर्ट काढायला निघालेले. काका माझ्या नात्यातले नव्हेत, इथले सगळे त्यांना काका म्हणतात. ते मुंबईचे, पण समुद्रकाठची जमीन त्यांना सासऱ्यांकडून आलेली, ती नेमकी माझ्या गावात. जेटी, रस्ता, पाणी, सगळ्यात इन्व्हेस्ट करणार होते. टूरिझम वाढला की गाव सुधारेल, हे सगळ्यांचं पालुपद. रस्ते आखणं हे माझं रोजचं काम, म्हणून मला बोलावलेलं. मीही हौसेनं गावचा रस्ता आखून दिला. गावाला रस्ताच नाही. आजारी माणसाला आजही डोलीत घालून न्यावं लागतं. म्हणून तो मुद्दाम आमच्या वाडीच्या दारावरून नेला.

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. तेवढ्यावर काकांनी मला परस्पर आपल्यातला करून टाकलं. कुठल्या वाडीतला, विचारलंच नाही. काकूंनी दर वेळी आग्रह करकरून वाढलं.

मी म्हटलं, "काका, तिथे माझी आई राहते."

एकाने उगीच घड्याळ बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. कसलं काय! काका हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, तुझं वेगळं आहे यार. तू शिकलास, इथे आलास. आणि तुझ्या आईलाही देऊ ना काम रिसॉर्टमध्ये. झाडलोट तर येतच असेल त्यांना."

येते ना. चांगली येते. खोताचं अंगण झाडून झाडून तिने मला शिकवलं. मला नोकरी लागली त्या दिवशी तिने तो झाडू चुलीत घातला. आणि हा माणूस डॉलर ओतून तोच झाडू परत तिच्या हातात द्यायला निघालेला. वर उपकाराची भाषा. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

खांद्यावरचा हात मी उचलून बाजूला केला. नकाशा गुंडाळून काखेत मारला. काका म्हणाले, तुझ्यासारखे छप्पन्न इंजिनियर मिळतील. मिळतील की! पैसा टाकला की आमची घरं पुसून देणाराही मिळेल. म्हणूनच घरी येऊन नुसतं धुमसत बसलो नाही. गावच्या दुकानातल्या फोनवर आईला बोलावून घेतलं. कुणी कागद घेऊन आलं तर वाडीत एकानेही अंगठा द्यायचा नाही, मी येतोय, असं बजावलं.

रस्ता मला हवाच आहे. तो होईल, आणि आमची घरं जागच्या जागी ठेवून होईल. ज्यांना ती बघवत नाहीत, त्यांनी समुद्र दुसरीकडे जाऊन बघावा.