पाण्याखालची खूण

गेल्या मोसमात समुद्रतळाशी, एका जुन्या बुडालेल्या जहाजाच्या दारातून मी माझ्या बुडीच्या जोडीदाराला, दत्तारामला, परत फिरवले, ते माझी हवा संपत आल्याची खोटी खूण करून. हे मी कुणालाच सांगितले नव्हते. त्याचे आजोबा त्या जहाजावर खलाशी होते आणि ते बुडाले तेव्हा आतच राहिले. स्कॉटलंडच्या समुद्रातल्या त्या गार काळोखात आतून कुणीतरी आमच्याकडे पाहत आहे, असे मला वाटले होते.

आज नव्या मोसमाच्या पहिल्या बुडीपूर्वी, रिवाजाप्रमाणे, आम्ही एकमेकांच्या टाकीतली हवा दाखवणारे काटे तपासत होतो. त्याचे थंडीने निळे पडलेले बोट माझ्या काट्यावर टेकले होते. पाण्याखाली जोडीदाराच्या खुणेवर कुणी शंका घेत नाही. तिथे खोटे बोलणे म्हणूनच सोपे असते. ते पाण्याबाहेर घेऊन जगणे मात्र जड जाते.

"यंदा तरी हवा पुरवून वापर हां, गड्या," तो हसला.

"दत्ता, तेव्हा हवा होती. मी घाबरलो होतो. मला माफ कर."