राजा मूळचा कुठला

कॅनडात मिल्टनमधल्या आमच्या टाउनहाउसची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि त्या भिंतीपलीकडे गेली काही वर्षं वेल्सचा एक मध्ययुगीन राजा राहतो. त्याच्याइतकं माझं डोकं आजवर कुणी खाल्लेलं नाही.

त्याला कारण मीच. आम्ही नवीन आलो होतो, पहिलाच हिवाळा होता, आणि मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. शेजारचे आजोबाही त्यांच्या बाजूचा बर्फ ढकलत होते. त्यांनी विचारलं, "तू मूळची कुठली?" आता हा प्रश्न आला की आपल्या तोंडून जे निघतं तेच निघालं. मी भोरजवळच्या एका छोट्या गावाचं नाव सांगितलं. जन्म, शाळा, कॉलेज, नोकरी सगळं चिंचवडला झालेलं. त्या गावाला आम्ही जायचो ते जत्रेला, तेही दुपारी जेवून संध्याकाळच्या गाडीने परत. पण वडिलांचं गाव ते आपलं गाव, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आजोबांनी फावडं टाकलं आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "बाहेर ये! हिला विचार!"

आजी कार्डिगनची बटणं लावत बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि नर्सच्या आवाजात विचारलं, "तिथे राहिलीस किती?"

"राहिले नाही कधी."

"झालं तर मग," त्या आजोबांना म्हणाल्या. "ही जिथे वाढली तिथली."

भर थंडीत, हातात फावडं घेऊन, मी कुठल्या खटल्यात साक्ष दिली ते मला नंतर कळलं. आजोबा उत्तर वेल्सचे, शाळेत इतिहास शिकवायचे. आजी डब्लिनच्या, हॉस्पिटलात नर्स होत्या. आणि लग्न झाल्यापासून दोघं एका राजावरून भांडत होते. राजाचा बाप वेल्सच्या राजघराण्यातला, पण देशोधडीला लागून आयर्लंडला गेलेला. आई डब्लिनच्या राजाची मुलगी. राजा जन्मला आणि वाढला डब्लिनजवळ, आणि आई त्याला रोज सांगायची की तुझ्या बापाची भूमी समुद्रापलीकडे आहे. मोठा झाल्यावर तो आयरिश लोक गलबतांत भरून वेल्सला गेला, राज्य घेतलं, घालवलं, पळून आयर्लंडला आला, पुन्हा माणसं जमवली, पुन्हा गेला. मध्ये नॉर्मन सरदारांनी त्याला धरून वर्षानुवर्षं बेड्यांत ठेवलं. शेवटी म्हातारपणी, डोळे गेल्यावर, वेल्सचा राजा म्हणूनच मेला.

तर हा माणूस कुठला? एवढाच वाद. हजारेक वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या पत्त्यावरून.

"हरला की घरी पळायचा," आजी म्हणायच्या. "म्हणजे आमच्याकडे."

"माणसं जमवायला यायचा!" आजोबा तांबडेलाल. "फोनची बॅटरी संपली की तू चार्जरकडे जातेस. म्हणून चार्जर हे काय फोनचं घर?"

"त्याच्या वेल्सवाल्यांनीच त्याला हाकललं."

"घरातूनच हाकलतात. हॉटेलातून चेकआउट करतात."

हे कचऱ्याचे डबे बाहेर काढताना चालायचं, बार्बेक्यूला चालायचं, भिंतीतून तर रोजच चालायचं. मी घरून काम करते, एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग. भर मीटिंगमध्ये बेल वाजायची. दारात आजोबा. रात्रभर विचार करून एक नवा मुद्दा सापडलेला असायचा आणि तो बायकोच्या आधी साक्षीदाराला ऐकवायचा असायचा. मी कॅमेरा बंद करायची, म्यूट करायची, मान डोलवायची. ते गेले की अर्ध्या तासात आजी. "काय म्हणाला तो?"

माझा नवरा नागपूरचा. त्याला या सगळ्याची गंमत वाटायची. "अगं, एक काहीतरी सांगून टाक ना त्यांना. साइड घे कुणाची तरी."

"का घेऊ? मी कोण? त्या राजाची मावशी?"

खरंच वैताग यायचा. इथे माझा पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज, माझी नोकरी, आईची दुखणी फोनवर, आणि यांना राजा. मी ठरवूनच टाकलं होतं की कुणाच्याही बाजूने बोलायचं नाही. दोघांना सारखंच "हो, बरोबर आहे तुमचं" म्हणायचं आणि दार लावायचं.

मग आजोबा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग आमची नावं. एका दुपारी ते कोट घालून, बूट उलटसुलट चढवून, आमच्या गराजच्या दारापाशी उभे दिसले. घरी जायचंय म्हणाले. मी म्हटलं, घर हे काय शेजारी. ते नम्रपणे हसले. हे नाही, म्हणाले, घरी.

आजी स्लिपर घालूनच धावत आल्या. मला वाटलं आता रडतील, हात धरतील. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा तो राजा पुन्हा पळाला बघ. डब्लिनला. आईकडे!"

आजोबांचा चेहरा बदलला. ते गर्रकन वळले, "माणसं जमवायला!" म्हणून ओरडले आणि भांडत भांडत आत गेले.

मला तेव्हा भयंकर राग आला. आजाऱ्याशीसुद्धा भांडायचं? पण पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. ते कोट घालून निघायचे, आजी राजाला शिवी घालायच्या, ते चवताळून परत यायचे. माझ्या हळूहळू लक्षात आलं की बायकोचं नाव, औषधाची वेळ, जेवलो की नाही, हे सगळं गेलं तरी त्या एका भांडणात ते अजून पुरते शिल्लक होते. आजी त्यांना रोज तिथून ओढून आणत होत्या. मला आजींची कीव आली आणि स्वतःचा वैताग आला, कारण भिंतीतून आता आवाज आला नाही तर मीच कान लावून बसायला लागले होते.

मार्चमध्ये बर्फ वितळून कडेला काळा चिखल झाला होता. आजोबा कोट घालून ड्राइव्हवेवर आले. मी खिडकीतून पाहिलं आणि बाहेर गेले. आजी दारातून ओरडल्या, "पळाला बघ! डब्लिनला!"

आजोबा थांबले. थोडा विचार केला. मग अगदी सौजन्याने म्हणाले, "हो. तुमचं बरोबर आहे. तो तिथलाच होता."

आजी पांढऱ्याफटक पडल्या. इतकी वर्षं जे ऐकायला त्या भांडल्या ते त्यांना मिळालं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही, तो वेल्सचा. त्याच्या बापाची भूमी होती ती. तूच सांगतोस ना?" आजोबा नुसते हसत राहिले. त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग याला! तू कुठली ते सांग!"

मी गावाचं नाव घेतलं.

"छान," आजोबा म्हणाले. "तिथे राहत होतीस?"

"नाही, कधीच नाही."

"मग तू तिथली कशी?"

"आहे ती तिथली!" आजी किंचाळल्या. "बापाचं गाव आहे तिचं!"

शेवटी आम्ही दोघींनी धरून त्यांना आत नेलं. मी घरी येऊन मीटिंगला बसले. भिंतीतून आजींचा आवाज येत होता. बेड्या, गलबतं, आईने रोज सांगितलेली भूमी, आजोबांचे सगळे मुद्दे एकामागून एक, अगदी चार्जरसकट. प्रत्येक मुद्द्यानंतर त्या थांबायच्या. पलीकडून काही यायचं नाही. मग पुढचा मुद्दा.

मला ते सहन होईना. हे दोघं म्हणजे ना! मी लॅपटॉप धाडकन मिटला, बूट चढवले आणि त्यांची बेल वाजवली.

आजींनी दार उघडलं. डोळे लाल. मागे खुर्चीत आजोबा, अजून कोटातच.

"काहीही काय बोलताय केव्हाच्या," मी मोठ्याने म्हटलं, आतपर्यंत ऐकू जाईल असं. "तो डब्लिनचाच होता."

आजींनी नाक पुसलं.

"बूट काढ आणि आत ये," त्या म्हणाल्या. "तुला काही कळत नाही."