स्वस्तातली बंदूक आणि खंडेनवमी

बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं, ही माझी नोकरी. बंदूक माझी स्वतःची, दुनळी, लायसन माझ्या नावाचं. म्हणून इकडं अमेरिकेत, ईडन प्रेरीत, पोरानं शॉटगन आणली तेव्हा सूनबाईनं सगळं माझ्यावर ढकललं. "बाबा बघतील. चांगली आहे म्हणाले तर ठेव, नाहीतर शनिवारच्या आत रिटर्न कर." तिला घरात बंदूक नकोच होती. मीही नको म्हणेन असं तिला वाटत होतं.

मला मात्र पोरानं शिकारीला जावं असं वाटत होतं. त्याची आई गेली, वर्षश्राद्ध उरकून मी इकडं आलो, तर हा असा. ऑफिस, जेवण, कॉम्प्युटर. हसणं नाही, भांडणसुद्धा नाही. ऑफिसातल्या एका गोऱ्यानं त्याला शनिवारी फेझंटच्या शिकारीला बोलावलं होतं. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा लांब शेपटीचा भाऊ. इतक्या दिवसांत पोरगा पहिल्यांदा 'मला जायचंय' म्हणाला. पण म्हणून वाईट हत्याराला चांगलं म्हणणं मला जमणार नव्हतं. ते त्याच्याच खांद्याला लागणार होतं.

बंदूक दुकानातली सगळ्यात स्वस्त, पंपाची. पुढचा दांडा मागं ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढं ढकलला की नवं आत जातं. तळघरातल्या कुलपाच्या कपाटातून काढली, रिकामी आहे का बघितलं, मग हलवली. दांडा खुळखुळला.

"हे काय रे? नवीकोरी आणि वाजते?"

"बाबा, पंपाची अशीच असते. दुकानदारानं महागातली पण हलवून दाखवली. ती पण वाजते."

"महागातली वाजते म्हणून स्वस्तातली चांगली होत नाही."

पण नीट बघितलं तर त्याचं खरं होतं. दांड्याला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या होत्या. सैल होता, पण ओढताना तिरपा होत नव्हता. लाकूड सुमार, त्यावरची नक्षी मशीननं दाबलेली. घोड्याभोवतीची कडी प्लास्टिकची. काडतूस बसतं ती जागा बोटानं चाचपली तर जरा खरखरीत. पोरानं सरावाची खोटी काडतुसं आणली होती. ती भरून मी दांडा हळूच ओढला, तर दुसऱ्या नंबरचं काडतूस अडकलं.

"हळू नाही बाबा. जोरात, एकदम!"

जोरात ओढल्यावर पटापट बाहेर पडली. मला आयुष्यभर हत्यार जपून हाताळायची सवय. या हत्याराला जपलेलं चालत नाही.

"उद्या-परवा सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गावाकडं आमची मंडळी दर वर्षी माझ्या दुनळीची पूजा करायची. मी हात जोडायचो आणि डबा घेऊन ड्युटीवर जायचो. आता हत्यार घरात आहे आणि ती नाही, तर मीच करावी म्हटलं. पोराला कपाट उघडायला लावलं. बंदूक आडवी ठेवली, पाण्यात हळदकुंकू कालवून बोटं ओढली, वर दुकानातली ओली फुलं वाहिली आणि तशीच कुलपात ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी फुलं काढली. कुंकू पुसलं. लाल जाईना. पुन्हा पुसलं. नळीभर गंजाचे ठिपके.

सूनबाई जिन्यावरूनच म्हणाली, "एका रात्रीत? जंक आहे. रिटर्न." मग खाली येऊन कुंकवाच्या वाटीत बघितलं. "बाबा, तुम्ही कुंकू पाण्यात कालवलंत?"

"मग कशात कालवतात?"

"तेलात. आई तेलात कालवायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी होते ना तिथं. तुम्ही निघायच्या आधी सगळं पुसून पण ठेवायच्या. तुम्ही तर समोरच उभे होतात!"

"मी डोळे मिटून उभा असायचो."

"डोळे मिटून? बँकेत पण?"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. माझ्या दुनळीला कधी गंज चढला नाही. बरोबरच्या गार्डांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, लोखंड अस्सल आहे. लोखंड साधंच होतं, तेल पोराच्या आईचं होतं. हे तिला सांगायला हवं होतं. सांगायला आता ती कुठंय.

पोराच्या बॅगेतली तेलाची बाटली आणि बारीक तारेचा काथ्या सूनबाईनंच आणून दिला. आम्ही दोघं घासत बसलो. ठिपके निघाले. गंज वरवरचा होता. मग मी पुन्हा खोटी काडतुसं भरली आणि दांडा जोरात ओढून बघितला. एकही अडकलं नाही.

संध्याकाळी पोरगा आल्यावर सांगून टाकलं. "वरचं पॉलिश फालतू. ओल धरतं. लाकूड भिकार. आतला माल ठीक आहे. हळू ओढशील तर अडकेल, म्हणून हळू ओढू नकोस. जा घेऊन."

"बाबा, मला वाटलं तुम्ही माझ्या बाजूनं असाल," सूनबाई म्हणाली.

"मी बंदुकीच्या बाजूनं नाही. हा कसा राहतो ते तुलाही दिसतंय की."

तिनं पोराकडं बघितलं. "सांभाळून ड्राइव्ह कर," एवढंच म्हणाली.

शनिवारी पोरगा अंधार पडता पडता आला. पक्षी एकही नाही. पँटला गवताची कुसळं, नाक थंडीनं लाल. त्या गोऱ्याचा कुत्रा तळ्यात कसा पडला आणि वर येऊन सगळ्यांवर अंग कसं झटकलं, ते बूट न काढताच सांगायला लागला. जेवताना तेच पुन्हा सांगितलं. सूनबाई म्हणाली, "अरे, ऐकलं आम्ही." मी म्हटलं, "सांगू दे त्याला."