बाटलीच्या काठावरचं चिलट

"मेली का गं तुझी चिलटं?" नवऱ्यानं फोनवर विचारलं.

"नाही ना मेली. तीच तर बोंब आहे."

"जगली म्हणून रडणारी बाई पहिल्यांदाच बघतोय."

"अहो, चार दिवसांपूर्वीच मरायला हवी होती ती," म्हणून तिनं फोन ठेवला.

एकोणीस वर्षं तिनं प्रयोगशाळेत चिलटांची दोन घराणी सांभाळली होती. 'उपाशी' घराण्याला दर पिढीला अन्नावाचून नुसत्या ओल्या बाटलीत कोंडायचं, दहातली आठ मेली की उरलेल्या दोघांची वीण पुढे न्यायची. 'पोटभर' घराण्याला कायम खायला. अडीचशे पिढ्यांत उपाशी घराणं गलेलठ्ठ झालं, आळशी झालं, पण आठ दिवस अन्नावाचून तगू लागलं. पोटभरवाली दोन दिवसांत आडवी. उपासमार रक्तात कशी मुरते ते या फरकावरून कळायचं. फरक गेला की सगळं मुसळ केरात.

पोटभरांची अशी उपाशी ठेवून परीक्षा दोन वर्षांतून एकदाच व्हायची. आज सहावा दिवस, आणि निम्मी टुणटुणीत. भिंगाखाली धरली तर पोटं चरबीनं तट्ट.

"मावशी, या घरात कोण शिरलं गं?"

बाटल्या धुणाऱ्या मावशीनं हात पुसले. "शिरलं कुठलं, बाई. तुम्हीच घातलंत. मागच्या वर्षी तुमच्या आई गेल्या अन् चौथ्या दिवशी तुम्ही कामावर आलात, तेव्हा. बुरशीनं पोटभरांचा सुपडा साफ केला होता, वीस-पंचवीस उरली होती. एक चिलट बाटलीच्या काठावर बसलं होतं. मी म्हटलं, मारा. तुम्ही म्हणालात, असू दे, याच घरचं असेल. अन् बोटानं आत ढकललंत."

सुटलेलं चिलट आपलं नाही, ते चिरडायचं. हा नियम तिचाच, दारावर तिच्याच अक्षरात. त्यावरून तिनं कितीक विद्यार्थी फाडून खाल्ले होते. ती अंड्यांनी भरलेली उपाशी मादी असणार. पुढे दर पिढीला पोटभरांच्या चारही बाटल्या एकत्र करून पुन्हा वाटायच्या, हाही नियम तिचाच. म्हणजे शुद्ध बाटली एकही उरली नव्हती. नवं घराणं उभं करायला एकोणीस वर्षं, आणि तिच्या नोकरीचे उरलेले महिने अकरा.

ती स्टुलावर बसली.

"कुणाला कळतंय?" मावशी हळूच म्हणाली. "माझ्या तोंडून मरेपर्यंत निघायचं नाही."

"तुझ्या नाही गं. या चिलटांच्या तोंडून निघतंय ना."

तिनं नोंदवही ओढली. तारीख घातली, त्या दिवशीचं सगळं लिहिलं, खाली लिहिलं, 'चूक माझी.' अक्षर वाकडं आलं. खोडलं नाही.

"आता काय करायचं, बाई?"

"उपाशांचा आज आठवा दिवस, मोजणी आजच आहे. दुपार टळली तर तीही जातील हातची."

तिनं पहिली बाटली उजेडाला धरली आणि तळाशी पडलेली मेलेली मोजायला घेतली.