जामिनापुरती बरड

सन २०१९, वैशाख. तालुक्याच्या कोर्टात मी पहिल्यांदा पाय ठेवला तो तेव्हा. लोकरीला गोखरू चिकटतात तसे तिथले किस्से माणसाला चिकटतात. उपटायला गेलं की बोट रक्ताळतं. हसायचं तर हसा. मला हसू येत नाही.

*

आम्ही आष्टीकडचे धनगर. तेव्हा मेंढरं मांजरसुंब्याच्या माळावर होती. कुणा बागायतदाराच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. झालं! पोलीस थेट आमच्या पालावर. माझा भाचा बिरा समोर दिसला, त्याला उचलला.

मी विचारलं, "कावून नेता? मोटार तर हितं न्हाई."

हवालदार म्हणाला, "मोटार सापडंल की. चोर तर सापडला!"

*

ठाण्यात दोन खुर्च्या. एकीवर बागायतदार, दुसरीवर त्याचं हेल्मेट. मी पिकल्या केसांचा माणूस, दुपारभर उभा.

"साहेब, ते खाली ठिवू का?"

हवालदार खेकसला, "हात लावू नको बे! तेबी गायब व्हायचं."

*

जामीन मंजूर झाला. बिरा घरी आला? नाही! जामीनदार जमीनवाला पाहिजे, सातबारा पाहिजे. त्याच दिवशी डोकं फोडणारा एक जण भावाचा सातबारा दाखवून जेवायच्या आत घरी गेला. आमच्या कुळात सातबारा कुणी पाहिलेला नाही. मी सगळा कळप हाकत कोर्टाच्या आवारात आणला.

"ही माझी मिळकत. लिहून घ्या."

कारकून ओरडला, "उद्या मेंढरं मेली तर?"

"माणसंबी मरत्यात. त्यांचा जामीन कावून घेता?"

शिपायानं आम्हा सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं.

*

माळाखालच्या गावातून जामिनाला एकच माणूस आला. विश्वनाथअप्पा, किराणा दुकानदार, घरची शेती. सातबारा घेऊनच आले.

कारकुनानं डिवचलं, "अप्पा, हा धनगर तुमचा कोण लागतो?"

"दरसाल ह्याची मेंढरं माझ्या रानात बसत्यात. त्यांच्या लेंड्यांवर पिकलेली ज्वारी मी खातो. आणखी कोण लागायचं?"

बिरा सुटून आला.

*

पुढं मोटार सापडली. बागायतदाराच्या मेहुण्याच्या विहिरीवर! बिरा निर्दोष. मी हवालदाराला गाठलं.

"आता माफी कोण मागणार?"

"पोरगं सुटलं न्हवं? मग पेढे आणा की, मामा!"

*

निम्मा कळप विकून मी आष्टीजवळ बरड जमीन घेतली. नुसता दगड. बायको बघतच राहिली.

"हितं काय पिकणार हाय?"

"काय बी न्हाई. जामिनाला घेतलीया."

*

औंदा अप्पांनी चोरट्या वाळूचे ट्रक रस्त्यात अडवले. ट्रकवाला मोकळा, अप्पा आत! ट्रकवाल्याच्या धाकानं सातबारावाला एकही शेजारी जामिनाला फिरकला नाही. मी गेलो.

कारकून तोच. हसला. "मामा, मेंढरं बाहेर बांधली का?"

मी टेबलावर सातबारा ठेवला.

संध्याकाळी अप्पा बाहेर आले. धोतर झटकलं.

"मेंढरं कवा बसवतोस?"

"उद्या."