ब्रेकबाईंची मान

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. सत्तावीस वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या बाईंना सगळी गल्ली ब्रेकबाई म्हणायची, आणि बाईंनाही ते नाव पसंत होतं. त्यांनी शिकवलेल्यांत रुग्णवाहिकेचे दोन चालक होते, एक दंतवैद्य होता, आणि स्वतःच्या लग्नाला स्वतः गाडी हाकत गेलेली एक नवरीही होती. शिकला नाही तो फक्त त्यांचा नवरा. "घरात ब्रेक लावणारं एक माणूस आहे, तेवढं पुरे," असं म्हणून तो बसनं फिरायचा.

सत्तावन्नाव्या वर्षी बाईंची मान धरली. आधी दोष उशीला दिला, मग पंख्याला, मग नवऱ्याच्या घोरण्याला. तीन महिने झाले तरी मान वळेना, कळ खांद्यात उतरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय करून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट सोमवारीच फोनवर आला. डॉक्टरांची वेळ मात्र शुक्रवारची होती.

मधले चार दिवस रिपोर्ट नवऱ्याच्या ताब्यात गेला. टपाल कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याची कागदपत्रं न वाचता पोचवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्याची भरपाई आता सुरू झाली. शब्दकोश मांडीवर घेऊन तो एकेक शब्द फोडायला लागला.

"डिजनरेटिव्ह... म्हणजे ऱ्हास पावणारे."

"काय पावणारे?"

"तुझे मणके, अगं. आणि पुढं म्हणतात, मणक्यांमधल्या गादीला फुगवटा. तीन ठिकाणी."

नणंदेनं तत्परतेनं मानेचा जाडजूड पट्टा आणून दिला. तो बांधून बाई खुर्चीत बसल्या त्या जणू काचेच्या झाल्या. शिकवण्या बंद. पाण्याचा तांब्यासुद्धा नवरा हातात आणून द्यायचा, आणि दिल्यावर हळूच विचारायचा, "मुंग्या येतात का गं?" दहाव्यांदा विचारल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, येत नव्हत्या. आता याव्यात असं वाटायला लागलंय!"

शुक्रवारी दवाखान्यात जायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. तेवढ्यात दारात ग्रंथपालबाई आल्या. चाचणीत दोनदा नापास झालेल्या, बाईंच्या सगळ्यात भित्र्या शिष्या. शिकवणी बंद का, हे विचारायला आल्या होत्या.

"चला," बाई म्हणाल्या. "आज तुम्हीच मला न्या."

ग्रंथपालबाईंचा चेहरा पांढरा पडला, पण नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. नवरा मागे बसला, डोळे मिटून.

गाडी मागे घ्यायची वेळ आली तेव्हा ग्रंथपालबाईंनी सवयीनं शेजारी पाहिलं. एरवी ब्रेकबाई मागे वळून बघायच्या, मान हलवायच्या, आणि मगच यांचा पाय क्लचवरून सुटायचा. आज बाई पट्ट्यात ताठ, नजर सरळ पुढे.

"मागे कुणी आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"मला काय दिसतंय? तुम्हीच बघा."

क्षणभर गाडी थरथरत उभी राहिली. मग ग्रंथपालबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची मान पुरती वळवली, दोन्ही आरसे पाहिले, आणि लोण्यातून सुरी काढावी तशी गाडी फाटकाबाहेर काढली. चार वळणं, एक चढ, बाजारातली गर्दी. बाईंना एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण हाताला खात्री असलेल्या. त्यांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पट्टा काढला. कोपरावर, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. स्वतःची बोटं बाईंना घट्ट धरायला लावली, बाईंनी ती आवळल्यावर "आई गं" म्हणाल्या आणि हसल्या. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत सरळ रेषेत चालवलं. मग एमआरआयचा फोटो उजेडात धरला.

"मावशी, हे फोटोचं वर्णन आहे, तुमचं नाही. मान अजिबात न दुखणारी तुमच्या वयाची शंभर माणसं या मशीनमध्ये घातली, तर बहुतेकांच्या कागदावर हेच शब्द येतील. गादीतलं पाणी वयानं कमी होतं, ती जरा चपटी होते, कडेनं जरा बाहेर येते. केस पिकतात, तसंच."

"पण तीन ठिकाणी!" नवरा कळवळून म्हणाला.

"काका, शेवटची ओळ वाचलीत? 'नस दबलेली नाही, मज्जारज्जूला पुरेशी जागा आहे.'"

नवरा ओशाळला. "पहिल्याच ओळीत शब्दकोश उघडला, तो तिथेच राहिलो."

"मग माझं दुखणं खोटं का?" बाईंनी विचारलं.

"छे, अगदी खरं. पण सत्तावीस वर्षं तुम्ही तासन्‌तास एकाच बाजूला मान वळवून बसताय. स्नायू आखडणार नाहीत तर काय? पट्टा काढा, हिंडा-फिरा, व्यायाम करा. मात्र हाताची पकड सुटायला लागली, चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी यायचं. शुक्रवारची वाट बघायची नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. पट्टा त्यांनी तिथेच नवऱ्याच्या पिशवीत कोंबला आणि परतताना शिष्येला म्हणाल्या, "त्या उतारावर जरा हळू. बाकी झकास."

दुखणं दोन महिन्यांनी ओसरलं. सगळं नाही, थंडीत सकाळी मान अजून कुरकुरते. तिसऱ्या खेपेला ग्रंथपालबाई पास झाल्या. आणि आता दर तासाला ब्रेकबाई गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावतात. गुरू-शिष्य दोघं बाहेर उतरून खांदे फिरवतात, हनुवटी मागे ओढतात. गाडी बंद पडली समजून कुणी ना कुणी बाह्या सरसावत धक्का द्यायला येतं.

"गाडी ठणठणीत आहे हो," बाई मान इकडून तिकडे वळवत सांगतात. "तुम्हीपण उभे राहा दोन मिनिटं. फुकट आहे!"